नाव न घातलेले भांडे

सोनगीर हे आमचे गाव मुंबई-आग्रा महामार्गावर, धुळ्याच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटर अंतरावर आहे. किल्ल्याच्या टेकडीच्या पायथ्याशी वसलेले हे गाव एके काळी तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी साऱ्या खानदेशात ओळखले जाई. तांबट मंडळी भांडी घडवीत आणि आमच्यासारखी घराणी ती विकीत. गिऱ्हाईकाने हंडा, कळशी किंवा परात पसंत केली, वजन झाले, भाव ठरला, म्हणजे वडिलांचा शेवटचा प्रश्न येई, "नाव काय घालायचे?" आहेराचे भांडे देणाऱ्याच्या नावाशिवाय दुकानाबाहेर जात नसे. नाव, गाव आणि तारीख. पूर्वी हे काम छिन्नी-हातोडीने होई, आता विजेच्या यंत्राने होते. गेली अडतीस वर्षे मी तोच प्रश्न विचारीत आलो आहे. मात्र नाव न घालता दिलेली एक मोठी वस्तू मला स्वतःला विद्यार्थिदशेत मिळाली होती, हे मला साठीच्या उंबरठ्यावर कळले. ते कसे कळले, त्याची ही हकीकत आहे.

१९८६ साली आम्ही धुळ्याच्या महाविद्यालयातून वाणिज्य शाखेची पदवी घेतली. त्या वेळी खानदेशातील विद्यार्थी पुणे विद्यापीठाचे असत. जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झाले आणि २०१८ साली त्यास कवयित्री बहिणाबाईंचे नाव मिळाले. आमच्या पदवीपत्रावर पुण्याचीच मुद्रा आहे. पदवीनंतर जो तो आपापल्या वाटेने गेला. कोणी सनदी लेखापाल झाले, कोणी बँकेत लागले, कोणी शेतीकडे परतले. मी दुकानाच्या गादीवर बसलो. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात तिघे जण भेटले आणि मोबाइलवर वर्गाचा समूह तयार झाला. शोधता शोधता सतरा जण सापडले. वर्गात आम्ही एकमेकांना गावाच्या नावाने हाक मारीत असू. तीच सोय या लेखातही ठेवतो, म्हणजे कोणाचे नाव उघड करावे लागणार नाही.

भेटायचे कोठे, हा प्रश्न निघाला. नाशिककर सनदी लेखापाल म्हणाले, आता वय झाले, एकदा समुद्रावर जाऊ. मुंबईहून पर्यटकांची मोठी जहाजे निघतात. अमळनेरकर म्हणाले, तोरणमाळला जाऊ. तिसऱ्या वर्षाला असताना, १९८५ च्या डिसेंबरात, आपली सहल एस.टी.ने तेथेच गेली होती. शेवटी दोन्ही ठरले. जानेवारीत जहाज आणि मार्चच्या आरंभी तोरणमाळ. हिशेब ठेवण्याचे काम सर्वानुमते माझ्याकडे आले. "शेट, वही तुझ्याकडेच शोभते," असे सर्वांचे म्हणणे पडले, आणि खरे सांगायचे तर मलाही ते शोभते असे वाटले.

जहाजाचा खर्च धुळ्याहून जाण्या-येण्यासह माणशी तीस हजारांच्या घरात जात होता. मी आकडा समूहावर टाकला. अकरा जणांचे होकार दोन दिवसांत आले. सहा जण गप्प राहिले. त्यांपैकी पाच जणांनी पुढे कोणाचे लग्न, कोणाची शस्त्रक्रिया अशी कारणे कळविली. सहावे बोराडीकर. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या बोराडीकडे त्यांची कोरडवाहू कापसाची शेती आहे. त्यांनी कारण दिले नाही. अहिराणीत एवढेच लिहिले, "जहाजनं जमाव नही. तोरणमाळले येसू." त्यावर कोणी हात जोडलेले चित्र टाकले, कोणी फुले टाकली, आणि चर्चा जहाजावरील खोल्यांच्या प्रकारांकडे वळली.

खोल्यांचे प्रकार तीन होते. खिडकी नसलेली, खिडकी असलेली आणि सज्जा असलेली. जो तो आपल्या ऐपतीप्रमाणे निवडू लागला. महाविद्यालयात असताना धुळ्याच्या खानावळीत आम्ही एकाच पंगतीला बसत असू आणि महिन्याचे पैसे सर्वांचे सारखे असत. ती आठवण त्या वेळी माझ्या मनात आली नाही. ती फार पुढे आली.

जानेवारी २०२४ मध्ये आम्ही बॅलार्ड पिअरहून कॉर्डेलिया कंपनीच्या 'एम्प्रेस' जहाजावर चढलो. जहाज सुमारे २११ मीटर लांब आहे. १९९० साली ते 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने प्रवाशांच्या सेवेत आले आणि २०२१ च्या सप्टेंबरपासून मुंबईहून पर्यटकांना नेऊ लागले. म्हणजे आमचे विद्यापीठ आणि हे जहाज एकाच वर्षीचे, असा विनोद नाशिककरांनी केला. आम्हा खानदेशी माणसांना समुद्राची सवय नाही. आमची नदी तापी. मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटरचा प्रवास करीत ती सुरतेजवळ समुद्रास मिळते. नदीचे पाणी जेथपर्यंत नित्य जाते, तेथपर्यंत तिच्या काठची माणसे मात्र क्वचितच पोहोचतात. आमच्या अकरा जणांपैकी चौघांनी जहाजात प्रथमच पाऊल ठेवले, आणि त्या चौघांत मी होतो.

जहाज सुटण्यापूर्वी सर्व प्रवाशांना संकटकाळच्या कवायतीसाठी बोलावण्यात आले. जीवरक्षक जाकीट कसे बांधावे, कोणत्या होडीपाशी जमावे, हे तेथे दाखवितात. १९१२ साली टायटॅनिक बुडाले तेव्हा त्यावर सुमारे २२०० माणसे होती आणि जीवरक्षक होड्यांत जागा होती अवघ्या ११७८ जणांची. त्या दुर्घटनेनंतर १९१४ मध्ये समुद्रावरील सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि जहाजावरील प्रत्येक माणसाला होडीत जागा असली पाहिजे, हे तत्त्व रुजले. ही माहिती नाशिककरांनीच रांगेत उभे राहून सांगितली. सज्जाच्या खोलीतले आणि बिनखिडकीच्या खोलीतले आम्ही सारे त्या रांगेत सारखेच दिसत होतो. मी सवयीने डोकी मोजली. अकरा होती. वर्ग सतरांचा. आमच्याही जहाजात सर्वांना जागा नव्हती, हा विचार क्षणभर येऊन गेला. मग भोंगा वाजला आणि सर्व जण कठड्याकडे धावले.

जहाजावरचे ते दिवस सुखाचे गेले, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. जैन पद्धतीच्या भोजनाची सोय होती. मी आणि अमळनेरकर चौविहार पाळतो; आधी कळविल्यामुळे आमची पाने वेळेवर झाली. घरी आम्ही सूर्यास्ताची वेळ पंचांगात पाहतो. तेथे पंचांग लागले नाही. सूर्य उघड्या समुद्रात उतरला आणि शेवटची कोर पाण्याखाली गेली, ती आम्ही डोळ्यांनी पाहिली. पहिल्या रात्री खांदेरीचे दीपगृह दिसले. ते १८६७ सालचे आहे आणि त्या बेटास आता कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. वाळवंटातून बैलगाड्यांनी खानदेशात आलेल्या पूर्वजांची आम्ही मुले. मराठ्यांच्या आरमाराचे ते पाणी पाहताना आम्हालाही ऊर भरून आल्यासारखे वाटले.

मग गोष्टी सुरू झाल्या. पहिल्या संध्याकाळी त्या जुन्या दिवसांच्या होत्या, दुसऱ्या संध्याकाळी आताच्या झाल्या. कोणाचा मुलगा कॅनडात, कोणाचा बंगला पुण्यात, कोणाची गाडी कोणती, कोणी कोणत्या संस्थेला किती देणगी दिली आणि तेथे पाटी कोठे लागली. मीही मागे राहिलो नाही. आमच्या गावातील एका सभागृहाच्या कोनशिलेवर वडिलांचे नाव आहे, हे मी दोनदा सांगितले. अकराही जणांच्या आयुष्यात दुःखे असणारच, परंतु त्या टेबलावर ती कोणी आणली नाहीत. उंची जेवणाच्या टेबलावर माणूस आपली नफ्याचीच पाने उघडतो.

त्या रात्री कठड्याशी उभे असताना अमळनेरकरांना श्रीपाळ राजाची कथा आठवली. आयंबिलाच्या ओळीत आमच्या दोघांच्याही घरी आजी श्रीपाळ रास ऐकत असे. वाचकांना कथा ठाऊकच आहे. धवल शेठची जहाजे भरुचच्या बंदरात अडून बसली. श्रीपाळाने नवपदांचे स्मरण करून ती चालती केली. ज्याने जहाजे सोडविली त्याच्याच वैभवाचा पुढे धवलाला हेवा वाटला आणि त्याने त्यास समुद्रात ढकलले. श्रीपाळ तरून कोकणच्या किनाऱ्याला, ठाण्याला लागला. ठाण्याच्या जैन मंदिरात ही कथा आजही चित्रित आहे. "धवल शेठ वाईट होता का रे?" अमळनेरकरांनी विचारले. मी म्हटले, "वाईट तर होताच." ते म्हणाले, "मला वाटतं तो फक्त विसरला. आपली जहाजं कोणी चालवली, हे तो विसरला." मी हसून विषय बदलला. पुढे या वाक्याने माझी पाठ सोडली नाही.

मुंबईस परतलो आणि तोरणमाळची तयारी सुरू झाली. या सहलीस सोळा जण येणार होते. खर्च माणशी ३२०० रुपये ठरला. मी वहीत नावांची यादी केली, पुढे रक्कम आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. बोराडीकरांच्या नावाशी आलो तेव्हा मला जहाजाचा निरोप आठवला. त्या वर्षी पाऊसही त्यांच्याकडे बेताचाच झाला होता. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिले, "सवलत". नाशिककरांशी फोनवर बोललो. ती रक्कम आम्ही दोघांनी वाटून घेण्याचे ठरविले. आपण एक चांगले काम केले, अशा समाधानाने मी वही मिटली.

शुक्रवार, १ मार्च रोजी सकाळी सोनगीर फाट्यावरून आमची गाडी निघाली. चिमठाणे, दोंडाईचा, मग सारंगखेड्याला तापीचा पूल. दत्तजयंतीला येथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. शहाद्याच्या बसस्थानकाबाहेर बोराडीकर उभे होते. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. अडतीस वर्षांत ते वाळले होते, पण हसणे तेच होते. "कसा शेस रे शेट?" म्हणत ते गाडीत चढले आणि बसण्यापूर्वीच खिशातून नोटांची घडी काढून माझ्यापुढे धरली. "मोजी ले."

येथे माझ्या हातून चूक झाली. मी म्हणालो, "अरे, तुझं राहू दे. तुझं आम्ही बघून घेतलंय."

गाडीत पंधरा माणसे होती. सर्वांनी ऐकले. बोराडीकर काही बोलले नाहीत. त्यांनी नोटा माझ्या वहीवर ठेवल्या, वर आपली पितळी डबी वजन म्हणून ठेवली, आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. म्हसावद येईपर्यंत गाडीत कोणी मोठ्याने बोलले नाही. मी नोटा मोजल्या. ३२०० होत्या. डबी मी नंतर नेऊन दिली, ती त्यांनी मुकाट्याने घेतली.

राणीपूर सोडले की सातपुडा सुरू होतो. घाट नागमोडी आहे. साग पानगळीने उघडा पडला होता, पळस आणि काटेसावर मात्र फुलांनी पेटल्यासारखे दिसत होते. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास उंच आहे. आम्ही विद्यार्थी असताना ते धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि अक्राणी तालुका तिकडे गेला. पठारावर यशवंतराव चव्हाणांच्या नावाचा तलाव आहे. गोरखनाथांच्या स्थानाची शिवरात्रीची यात्रा आठवड्यावर आली होती आणि तिची तयारी चालू होती. भिल्ल आणि पावरा समाजाची वस्ती डोंगरभर विखुरलेली आहे. मोबाइलला रेंज येई आणि जाई. दुपारनंतर सर्वांनी तो खिशात ठेवून दिला.

जेवणाच्या वेळी बोराडीकरांनी पिशवी उघडली. कळण्याच्या भाकऱ्या आणल्या होत्या, सर्वांना पुरतील एवढ्या. चटणीचे दोन डबे होते. त्यांतील लहान डबा त्यांनी माझ्या आणि अमळनेरकरांच्या मध्ये ठेवला आणि म्हणाले, "यामा लसूण नही." १९८५ च्या सहलीत मी लसणीच्या चटणीसाठी दुसऱ्याच्या पंगतीतून उठलो होतो, हे त्यांच्या लक्षात होते. जहाजावर ज्यांनी माझ्या खाण्याची काळजी घेतली त्यांना मी आगाऊ कळविले होते आणि त्याचे पैसे भरले होते. येथे मी काहीच कळविले नव्हते.

संध्याकाळी आम्ही तलावाच्या काठी बसलो होतो. आमच्या वर्गात तीन मुली होत्या. त्यांपैकी दोंडाईचेकर भगिनी सहलीस आल्या होत्या. त्यांचे वडील आमच्याच महाविद्यालयाच्या कार्यालयात लेखनिक होते. त्या काळी मुले-मुली एकमेकांना 'तुम्ही' म्हणत. आम्ही अजूनही म्हणतो. त्या माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही सकाळी त्यांना तसं बोलायला नको होतं. निदान तुम्ही तरी."

"निदान मी तरी म्हणजे?"

"तुमच्या परीक्षेच्या फीची गोष्ट. आमच्या घरी बाबा नेहमी सांगायचे."

"ती फी तर माझ्या मामांनी भरली होती."

त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या.

वाचकहो, थोडे मागे जाणे भाग आहे. ऐंशीच्या दशकात खेडोपाडी स्टेनलेस स्टील आले आणि पितळेची मागणी बसली. आमच्या दुकानात माल पडून राहिला, उधारी अडकली, त्यातच वडील आजारी पडले. सहलीहून परतल्यावर महिन्याभरात विद्यापीठाच्या परीक्षेची फी भरायची होती. रक्कम शंभर रुपयांच्या आतली, पण घरी मागण्याची माझी हिंमत झाली नाही. फलकावर थकबाकीदारांच्या यादीत माझे नाव लागले. मी मनाशी ठरविले की परीक्षा सोडून द्यायची आणि गादीवर बसायचे. मुदतीच्या शेवटच्या दिवशी कार्यालयात अर्ज मागे घ्यायला गेलो, तर लेखनिक म्हणाले, "तुझी फी आली आहे. जा, अभ्यास कर." कोणी भरली, ते त्यांनी सांगितले नाही. धुळ्यात आमचे मामा राहत. त्यांनीच भरली असणार, असे मी गृहीत धरले आणि त्यांच्या पाया पडलो. मामांना वाटले, भाचा परीक्षेचा आशीर्वाद मागतो आहे. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. पुढे आयुष्यभर मी त्यांना मान दिला, तो त्यांच्या हक्काचाच होता. पण ही एक नोंद मी चुकीच्या खात्यावर केली होती.

दोंडाईचेकर भगिनींनी उरलेले सांगितले. बोराडीकर कार्यालयात आले, पैसे मोजले आणि त्यांच्या वडिलांना म्हणाले की, नाव सांगू नका, तो घेणार नाही. त्यानंतर महिनाभर ते खानावळीत एकच वेळ जेवत होते. लेखनिकांनी हे घरी बायकोमुलांना सांगितले, परंतु शब्द दिल्याप्रमाणे मला कधी सांगितले नाही. निवृत्तीनंतर सांगितले असेल, असे मुलीला वाटले होते. ते गृहस्थ आता हयात नाहीत.

पदवी मिळाली म्हणून पुढे बँकेने माझ्यावर विश्वास ठेवला, असे म्हणता येईल. हिशेब समजत होता म्हणून पितळेचे दुकान वेळीच स्टीलकडे वळविता आले, असेही म्हणता येईल. पण एवढे ताणण्याचे कारण नाही. साधी गोष्ट अशी की, एका शेतकऱ्याच्या मुलाने आपली एक वेळची भूक माझ्या नावे खर्ची घातली होती, आणि त्याच माणसाच्या नावापुढे मी "सवलत" लिहिले होते.

रात्री झोप आली नाही. जंगलातील रात्र समुद्राच्या रात्रीपेक्षा वेगळी असते. समुद्रावर यंत्राची घरघर सतत सोबत करते. येथे शांतता एवढी की वाळलेले पान पडले तरी कानाला कळते. याच डोंगररांगांच्या उत्तरेस नर्मदा वाहते आणि ती पुढे भरुचजवळ समुद्रास मिळते. धवल शेठची जहाजे अडली होती ते हेच भरुच. मला अमळनेरकरांचे वाक्य आठवले आणि मी अंथरुणात उठून बसलो.

पहाटे बोराडीकर सीताखाईकडे निघालेले दिसले. मी त्यांच्यामागे गेलो. पावसाळ्यात या खोल दरीत धबधबा कोसळतो; मार्चमध्ये कडा कोरडा असतो आणि खालून पाखरांचे आवाज वर येतात. वाटेत त्यांनी अंजन, सालई, चारोळी अशी झाडे दाखविली आणि मोहाची फुले अजून गळू लागली नाहीत, असे सांगितले. मी कसाबसा विषय काढला. काल गाडीत बोललो त्याची क्षमा मागितली. मग फीचे बोललो.

ते थांबले. "कोन सांगं तुले?"

मी सांगितले. ते दरीकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "तू परीक्षाले बठना ना?"

"बसलो."

"मंग फिटनं."

मी व्यापारी माणूस. "असं कसं फिटलं?" म्हणालो. मूळ रकमेवर अडतीस वर्षांचे व्याज किती होईल, हे मी रात्री मनात मोजले होते. त्यांच्या नातवंडाच्या शिक्षणाचे काही करू द्या, असे मी सुचविले. बोराडीकरांनी मान हलविली. नात शिरपूरला शिकते, तिचे भागते आहे, म्हणाले. मग थोडे हसून प्रमाण मराठीत बोलले. खानदेशी माणूस गंभीर गोष्ट सांगताना कधी कधी तसे करतो. "तुला द्यायचंच असेल तर मला परत देऊ नको. मी दिलं तेव्हा परत घ्यायचं ठरवलं नव्हतं. आता घेतलं तर ती उधारी होईल."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आम्ही परत आलो. चहाच्या वेळी मी सर्वांसमोर शहाद्याच्या गाडीतील बोलण्याबद्दल पुन्हा क्षमा मागितली. फीची गोष्ट काढली नाही, कारण ती त्यांनी अडतीस वर्षे झाकून ठेवली होती. या लेखासाठी मात्र त्यांची परवानगी घेतली आहे. नाव आणि ओळखीच्या काही खुणा न देण्याच्या अटीवर त्यांनी ती दिली.

आपल्या समाजात गुप्तदानाची परंपरा मोठी आहे. मंदिरातील भांडारात टाकलेल्या पैशाला नाव नसते. साधर्मिकाला मदत करताना घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, असे आपले वडीलधारे सांगत आले. आपण ते ऐकतो आणि पुन्हा पाटीच्या आकाराची चौकशी करतो. मी कोणाला दोष देत नाही. नावे कोरण्याचा तर माझा धंदाच आहे. पण गुप्तदान म्हणजे काय, हे मला पोथीतून कळले नव्हते. ते पोथीशी काही संबंध नसलेल्या एका कापूस पिकविणाऱ्या मित्राकडून कळले. देणाऱ्याचे नाव झाकणे हा त्यातला सोपा भाग आहे. घेणाऱ्याची गरज झाकणे हे अवघड काम आहे. बोराडीकरांनी ते केले आणि मी गाडीत पंधरा जणांसमोर नेमके तेच उघडे केले.

अनेक घरांत सध्या अशा पुनर्भेटींचे बेत चालू असतात, म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. पहिली, ठिकाण ठरविताना सर्वांत मोठ्या पाकिटाकडे पाहू नये. ज्याचा आवाज समूहावर येत नाही, त्याच्याशी आधी एकट्याने बोलावे. दुसरी, महागडी सहल करूच नये असे माझे म्हणणे नाही; समुद्र पाहण्यासारखा आहे. पण तिला मित्रांची सहल म्हणावे, वर्गाची पुनर्भेट म्हणू नये. वर्ग जेथे सर्व जण येऊ शकतात तेथेच भरतो. तिसरी, वर्गणी बंद पाकिटात घ्यावी. पाकिटावर नाव नसावे. एकूण रक्कम जमली की काम झाले. कोणी कमी टाकले, कोणी जास्त, हे हिशेबनीसालाही कळू नये. चौथी, तारीख धरताना आपण पर्युषण आणि दिवाळीचे वहीपूजन टाळतोच. त्याचबरोबर शेतकरी मित्रांच्या पेरणीचे आणि कापूस वेचणीचे दिवसही टाळावेत. आमची पुढची भेट याच रीतीने ठरली आहे. ती शिरपूर तालुक्यात अनेर धरणाच्या अभयारण्याजवळ होईल, आणि सतरावे मित्रही येणार आहेत.

सोनगीरला परतल्यावर मी सहलीची वही पूर्ण केली. "सवलत" हा शब्द खोडला आणि तेथे "३२०० पूर्ण जमा" असे लिहिले. त्या वर्षी धुळ्याच्या एका महाविद्यालयात दोन मुलांच्या परीक्षेची फी थकली होती, ती भरली गेली. कोणी भरली, हे त्या मुलांना ठाऊक नाही आणि लेखनिकांनाही नीटसे ठाऊक नाही.

एवढे झाले तरी दुकानदाराचा स्वभाव जात नाही. दिवाळीपूर्वी एका जुन्या कारागिराकडून ठोक्याचा पितळी तांब्या घडवून घेतला आणि बोराडीस पाठविला. दुकानातल्या मुलाने सवयीने यंत्र सुरू केले आणि विचारले, "शेठ, नाव काय घालायचं?" मी म्हटले, "काही घालू नको."

चार दिवसांनी बोराडीकरांचा फोन आला. तांब्या चांगला आहे, म्हणाले, घडण जुन्या सोनगीरची आहे. मग थोडे थांबले आणि हसत म्हणाले, "पण शेट, नाव घालनं इसरना का रे?"